‘दे रेस’ म्हणण्याआधी : छोट्या ट्रॅक्टरने ओंडके ओढताना

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होता. पण सांगायला घेतला की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. कारण यातली चूक माझी होती. म्हणून आधी ती सांगतो, मग पुढचं.

वैनगंगेच्या काठचं आमचं गाव. शेताच्या वरच्या अंगाला आजोबांच्या वेळची सागाची काही झाडं होती. घर बांधायला काढलं, तेव्हा रीतसर परवानगी घेऊन त्यातली चार झाडं तोडली. ओंडके पडले होते नाल्याच्या पलीकडे आणि ट्रॉली उभी होती अलीकडे, पांदणीवर. मध्ये धानाच्या बांध्या. गावातल्याच एका पोराचा छोटा ट्रॅक्टर बोलावला. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, हात चांगला होता. तीन ओंडके सुरळीत आले. चौथा जाड होता. तो एका जुन्या खुंटाला अडकला. साखळी टॉप लिंकच्या पिनला लावली होती, कारण ‘वरून लावली की तोंड उचलतं’ असं आमच्यातल्याच कुणीतरी म्हटलं. मी मागे उभा होतो. ट्रॅक्टर गुरगुरला, ओंडका हलेना. आणि मी ओरडलो, “दे रेस!”

त्याने दिली. पुढची चाकं उठली. मी ‘अरे’ म्हणेपर्यंत ट्रॅक्टर बोनेटसकट आभाळाकडे बघत होता. त्याचं नशीब की तो पूर्ण उलटण्याआधी कलंडून धुऱ्यावर टेकला. पोरगा बाजूला फेकला गेला. मांडीचं हाड मोडलं. वाचला. आज चालतो, थोडा लंगडतो. ट्रॅक्टर त्याने विकला.

त्या दिवसानंतर मी या कामाबद्दल विचारत फिरलो. जंगल कामगार, ट्रॅक्टरवाले, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मेकॅनिक, आगारातले मोजणीदार. जे समजलं ते आज सांगतो. कुणी हे ऐकून एकदा जरी साखळी खाली लावली, तरी पुरे.

हे काम आपल्याकडे ट्रॅक्टरवर कसं आलं

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला, पण जंगल दोन्हीकडचं एकच. आलापल्लीचा साग, बल्लारशाहचं आगार, ही नावं लाकडाच्या व्यापारात देशभर माहीत आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवानाची पहिली खेप बल्लारपूरहून निघाली, तेव्हा शोभायात्रा निघाली होती. लोकांनी गाडीवरच्या लाकडाची पूजा केली. पण ते लाकूड झाडाच्या बुंध्यापासून गाडीपर्यंत कसं येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. याच शे-दोनशे मीटरमध्येही माणूस जखमी होतो.

पूर्वी हे अंतर जनावरं कापत. कमलापूरचे हत्ती आज पर्यटक बघायला जातात, पण ते मुळात जंगलात लाकूड ओढायला ठेवलेले हत्ती. बाकी ठिकाणी बैलजोडी आणि हल्या. हल्या म्हणजे रेडा, हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी. हल्या हळू चालतो, पण दलदलीतही ओढतो. जनावराची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओझं झेपलं नाही तर ते थांबतं. पाय रोवतं, मान हलवतं, पण उलटून मालकाच्या अंगावर पडत नाही. ट्रॅक्टरला ती अक्कल नाही. त्याला रेस दिली की तो जोर लावतो, आणि ओंडका हलला नाही तर स्वतःच वर उठतो.

आता मोठ्या कूपांमध्ये, वनविभागाच्या किंवा १९७४ साली सुरू झालेल्या वनविकास महामंडळाच्या कामावर, ठरलेली पद्धत, ठरलेली माणसं असतात. मी बोलतोय ते मालकीच्या लाकडाबद्दल. म्हणजे शेतात, धुऱ्यावर, परसात असलेली आपली झाडं. तिथे भाड्याचा ट्रॅक्टर येतो. त्याला कल्टिवेटर कसा लावायचा, ट्रॉली कशी मागे घ्यायची हे पाठ असतं. ओंडका ओढणं मात्र वर्षातून एखादवेळा. सवय नसलेलं काम, आणि पैसे खेपेवर. म्हणून घाई.

कागदाचं एका मिनिटात सांगतो. झाड आपल्या शेतातलं असलं तरी साग तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि लाकूड शेताबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो. हातोड्याचा ठसा पडल्याशिवाय ओंडका हलवायचा नाही. आपल्याकडच्या अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. मेंढा-लेखाला २००९ साली मिळाले, पुढे २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. पण तो हक्क गौण वनोपजाचा आहे. बांबू, तेंदू, मोह. इमारती लाकूड त्यात नाही. मी हे अशासाठी सांगतोय की चोरून, रात्री, घाईत ओढलेला ओंडका हा सगळ्यात धोक्याचा. कागद पूर्ण असला की दिवसाउजेडी, शांतपणे काम करता येतं.

आधी वजन काढा

आम्ही त्या दिवशी एकही ओंडका मोजला नव्हता. ‘येते राजेहो, एवढासा तर आहे,’ हेच आमचं मोजमाप.

हिशेब सोपा आहे. ओंडक्याच्या मधोमध टेप गुंडाळून घेर मोजा. समजा घेर १२० सेंटिमीटर आणि लांबी ४ मीटर. आगारात मोजताना घेराचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. म्हणजे ०.३ गुणिले ०.३ गुणिले ४. उत्तर ०.३६ घनमीटर. ही विक्रीची मोजणी. पण ओंडका गोल असतो, आणि या पद्धतीने खऱ्यापेक्षा कमी माप येतं. खरं माप काढायला त्यात चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त मिळवायचं. ०.३६ चं होतं साधारण ०.४६ घनमीटर. आगाराचा कागद बघून वजनाचा अंदाज बांधणारे इथेच फसतात.

ताजं तोडलेलं लाकूड पाण्याने भरलेलं असतं. ओल्या सागाला सुरक्षिततेसाठी घनमीटरला एक टन धरा. ऐन, धावडा असेल तर त्याहून थोडं जास्तच. म्हणजे आपला हा ‘एवढासा’ ओंडका झाला ४६० किलोचा.

आता ट्रॅक्टरकडे बघा. पंधरा-वीस हॉर्सपॉवरच्या छोट्या ट्रॅक्टरचं वजन आठशे-नऊशे किलोच्या आसपास असतं. चाळीसच्या पुढच्याचं सतराशे ते दोन हजार. छोटा ट्रॅक्टर धरू, ८५० किलो. दोन चाकांची ड्राइव्ह असेल तर त्यातलं साधारण साठ टक्के, म्हणजे पाचशे किलो, मागच्या चाकांवर. कोरड्या घट्ट जमिनीवर ती चाकं आपल्यावरच्या वजनाच्या निम्म्याएवढी ओढ देतात असं धरा. म्हणजे अडीचशे किलो. पालापाचोळा, ओल, मुरूम असेल तर आणखी कमी. आणि जमिनीवर पूर्ण टेकलेला ओंडका फरफटायला त्याच्या वजनाच्या निम्मी तरी ओढ लागते, बऱ्याचदा त्याहून जास्त. ४६० चे निम्मे २३०.

बघा, सपाट कोरड्या जमिनीवरच हिशेब काठावर आला. पाच मीटरला एक मीटर असा चढ असेल तर ओंडक्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा वर, म्हणजे आणखी ९० किलो. झालं, आपल्या आवाक्याबाहेर गेला. मग उपाय तीनच. ओंडका कापून दोन करायचा, मोठा ट्रॅक्टर आणायचा, किंवा बैलजोडी बोलवायची. ‘चार मीटरचा नग जास्त भावात जातो’ हे मला माहीत आहे. पण ज्याच्या मांडीत रॉड बसला, त्याच्या दवाखान्याच्या बिलात तसे किती नग गेले तेही मी बघितलं आहे.

तोंड का उठतं

आता मुख्य गोष्ट. साखळी कुठे लावायची.

ट्रॅक्टरच्या मागे, खाली, जमिनीपासून दीड फुटाच्या आत जो ड्रॉबार असतो, तो ओढण्यासाठी बनवलेला आहे. साखळी तिथे. टॉप लिंकला नाही, सीटखालच्या ब्रॅकेटला नाही, मागच्या एक्सलला गुंडाळून तर कधीच नाही. कारण असं.

मागून येणारी ओढ ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवरचं वजन कमी करते. किती कमी, ते साखळीच्या उंचीवर ठरतं. समजा ओढ ३०० किलोची आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत दीड मीटर अंतर. साखळी ४० सेंटिमीटरवर असेल तर पुढचं ८० किलो वजन उडतं. पुढे आपल्याकडे साडेतीनशेच्या आसपास आहे, काही बिघडत नाही. तीच साखळी ९० सेंटिमीटरवर, टॉप लिंकजवळ लावली, तर १८० किलो उडतं. म्हणजे निम्मं गेलं. आणि आता ओंडका खुंटाला अडकला, ड्रायव्हरने झटका दिला, ओढ क्षणभर दुप्पट झाली. ३६० किलो. पुढची चाकं हवेत.

आमचं नेमकं हेच झालं. गणित नंतर मांडलं, खुंट आधी आला.

यात आणखी एक आहे. साखळी एक्सलच्या खाली असेल तर तोंड उठायला लागल्यावर ड्रॉबार जमिनीकडे जातो आणि उलटवणारा जोर कमी होत जातो. साखळी एक्सलच्या वर असेल तर तसं होत नाही. ट्रॅक्टर जितका उठतो तितका पुढे उठत जातो. आणि हे किती वेळात होतं? पूर्ण उलटायला दीड सेकंद पुरतो. त्यातही अर्धा-पाऊण सेकंद गेला की परत फिरायची वेळ निघून जाते. माणसाला कळून पाय हलवायला तेवढाच वेळ लागतो. म्हणून ‘मी सांभाळून घेईन’ हे वाक्य या कामात खोटं आहे. कितीही चांगला ड्रायव्हर असो.

तोंड हलकं वाटलं, स्टिअरिंग मोकळं वाटलं, की त्याच क्षणी क्लच पूर्ण दाबायचा. विचार नाही करायचा. पण हा शेवटचा उपाय आहे, भरवसा नाही.

बरेच जण हायड्रॉलिकच्या दोन खालच्या आर्मवर आडवा बार लावतात, साखळी त्याला अडकवतात आणि ओंडक्याचं तोंड थोडं उचलतात. ही पद्धत चांगली आहे. ओंडक्याचं टोक जमिनीत रुतत नाही, ओढ कमी लागते. पण तीन अटी. बार एक्सलच्या उंचीच्या वर जाता कामा नये. ओंडक्याचं तोंड वीतभर उचललं तरी पुष्कळ. आणि आर्मच्या बाजूच्या साखळ्या ताठ हव्यात, नाहीतर ओंडका डावी-उजवीकडे डुलून टायरला लागतो. हेही लक्षात ठेवा की मागे लटकलेलं वजनही पुढचं तोंड हलकं करतं. म्हणून बोनेटपुढे वजनं लावायची सोय असेल तर ती लावा. मडगार्डवर दोन पोरं बसवणं म्हणजे वजन लावणं नव्हे. ती पोरं मागच्या एक्सलच्या आसपास बसतात, पुढच्या चाकांना त्यांचा काडीचा उपयोग नसतो. आणि ट्रॅक्टर कलंडला की आधी ती खाली जातात.

साखळी, दोर आणि ओंडक्याचं टोक

दोर कोणता? विहिरीवरचा नायलॉन दोर नको. तो ताणतो, ताणतो, आणि तुटला की रबरासारखा परत येतो. टोकाला लोखंडी हूक असेल तर तो गोळीसारखा येतो. चांगली पोलादी साखळी घ्या, कडी न ताणलेली, वेल्डिंग करून जोडलेली नाही. वायर रोप असेल तर तारा तुटून काटे निघालेला भाग दिसला की तो फेकून द्या. हाताने हात लावून तपासू नका, जाड हातमोजे घाला.

फास ओंडक्याच्या टोकापासून हात-दीड हात आत बसवा. काठावर लावला तर सुटतो. साखळी आखूड ठेवा, ओंडक्याचं तोंड ट्रॅक्टरच्या जवळ राहील पण वळताना टायरला लागणार नाही इतकी. लांब साखळी असली की ओंडका मागे हवा तसा फिरतो.

जुने लोक ओंडक्याच्या पुढच्या टोकाच्या कडा कुऱ्हाडीने तासून गोल करायचे. पाच मिनिटांचं काम आहे. गोल केलेलं टोक मुळ्यांवरून, दगडावरून चढून जातं, चौकोनी टोक अडकतं. टोकाखाली पत्र्याचा वाकवलेला तुकडा दिला तरी चालतं. जाड टोक पुढे की पातळ? उचलून ओढणार असाल तर जाड टोक पुढे घेतलं की जड भाग जमिनीवरून सुटतो. पण छोट्या ट्रॅक्टरचं तोंड हलकं पडत असेल तर पातळ टोक पुढे घ्या.

आणि सुरुवात कशी करायची? लो गिअर. हळू पुढे जाऊन साखळी फक्त ताठ करायची. थांबायचं. मागे वळून बघायचं. फास नीट आहे का, माणसं लांब आहेत का. मग निघायचं. सैल साखळीला झटका देऊन ओंडका ‘सोडवणं’ हा प्रकार बंद करा. अडकला तर खाली उतरा, सब्बल घ्या, ओंडका फिरवा, मुळी तोडा. दहा मिनिटं जातील. जाऊ द्या.

वाट, धुरा आणि उतार

ओढायच्या आदल्या दिवशी रिकाम्या हाताने वाट चालून या. खुंट दिसला की त्याला चुना लावा किंवा चिंधी बांधा. पाचोळ्याखाली लपलेला खुंट हाच खरा शत्रू. शक्य असेल तर धान कापून शेत वाळल्यावर, जानेवारीपासून पुढे हे काम काढा. ओल्या बांधीत चाक रुतलं की ट्रॅक्टर जागेवरच मागे फिरायला बघतो. रुतलेल्या चाकासमोर लाकडाचा तुकडा टाकून रेस देऊ नका. चाक अडलं की इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर फिरवण्यात जातो.

आपल्या भागात सगळ्यात फसवी जागा म्हणजे बांधीचा धुरा. ट्रॅक्टर धुऱ्यावर चढतो तेव्हा तोंड आधीच वर असतं. त्याच वेळी ओंडक्याचं टोक धुऱ्याच्या पायथ्याला रुतून अडतं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते मघाशी सांगितलं. म्हणून धुरा ओलांडायचा नाही, फोडायचा. फावड्याने रुंद, हळुवार उतार करून घ्या, काम झालं की परत बांधून टाका. दुसरा उपाय, ट्रॅक्टर धुऱ्याच्या अलीकडे सपाट जागी सरळ उभा ठेवून लांब वायर रोपने ओंडका आपल्याकडे ओढून घ्या.

उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली. आडवं जायचं नाही. आडव्या उतारावर ओंडका खालच्या बाजूला लोळतो आणि ट्रॅक्टरचं ढुंगण ओढून नेतो. तिरपी ओढही नको. ओंडका बाजूला पडला असेल तर ट्रॅक्टर हलवून त्याच्या रेषेत आणा, ओंडक्याला आपल्या रेषेत यायला लावू नका.

खाली उतरताना गिअर आधीच लो टाका आणि मध्येच क्लच दाबू नका. दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले हवेत. शेतात वळायला आपण ती पट्टी काढून ठेवतो आणि विसरतो. एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर आडवा. उताराला ओंडक्याचं तोंड जमिनीवर टेकू द्या, म्हणजे ते घासत येईल आणि वेग धरणार नाही. उचललेला ओंडका उताराला मागून येऊन आदळतो. चढावर गाडी मागे घसरायला लागली तर ब्रेक झटक्यात मारू नका, त्यानेही तोंड उठतं. मुळात असा चढ ओंडका घेऊन चढायचाच नाही.

वळण मोठं घ्या. ओंडक्याची शेपटी वळणाच्या आतल्या बाजूने येते आणि आत उभ्या असलेल्या माणसाला किंवा झाडाला लागते.

माणसं कुठे उभी राहतात

आमच्या शेतात त्या दिवशी आठ माणसं होती. ओढायला एक ट्रॅक्टर, सांगायला आठ तोंडं. ‘डावीकडे घे’, ‘थांब’, ‘जाऊ दे’, आणि मी, ‘दे रेस’.

आता आमच्याकडे नियम आहे. ‘चल’ म्हणायचा अधिकार एकाच माणसाला. तो ड्रायव्हरला दिसेल अशा जागी बाजूला उभा राहतो, हाताने खूण करतो. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणू शकतो, पोरगंसुद्धा, आणि ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. का थांबायचं हे नंतर विचारायचं.

साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत, तिच्यावरून ओलांडताना किंवा वळणाच्या आतल्या कोपऱ्यात कुणी नको. साखळी किंवा रोप जितका लांब, त्याच्या दीड-दोन पट दूर राहायचं. ओंडक्याच्या उताराकडच्या बाजूला उभं राहायचं नाही. फास लावताना आणि काढताना ट्रॅक्टर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि ड्रायव्हर हात वर करून दाखवणार. पीटीओ बंद. गळ्यातला दुपट्टा सोडून ठेवायचा, फिरत्या शाफ्टला तो लागला की माणूस सोबत जातो.

ट्रॅक्टरवर एकच माणूस, ड्रायव्हर. छत्री म्हणजे संरक्षण नव्हे, ती उन्हासाठी. उलटल्यावर वाचवते ती जाड पोलादाची सुरक्षा-चौकट. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि तिथे उलटून मरणं जवळजवळ संपलं. आपल्या गावातल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ती नाही. असेल तर सीटबेल्ट लावा. चौकट नसेल तर बेल्ट लावू नका, कारण मग तो तुम्हाला ट्रॅक्टरखालीच बांधून ठेवेल.

ट्रॉलीवर चढवताना दोन मजबूत बल्ल्या तिरप्या टेकवून दोन दोरांनी ओंडका लोळवत वर घेतात. त्यावेळी दोर ओढणारे ट्रॉलीच्या पलीकडे, आणि बल्ल्यांच्या खालच्या बाजूला कुणीही नाही. ‘मी खालून रेटतो’ म्हणणारा गडी प्रत्येक गावात असतो. त्याला चहा करायला पाठवा.

जर झालंच

आपल्या भागात दवाखाना लांब, आणि नाल्यात मोबाईलची रेंज नसते. म्हणून काम सुरू करण्याआधीच दोन गोष्टी ठरवा. रेंज कुठे येते, आणि १०८ ला फोन करायला मोटारसायकलवर कोण जाईल. अॅम्ब्युलन्सला कोणत्या पांदणीने आणायचं हेही त्यालाच माहीत हवं.

अपघात झाला तर आधी इंजिन बंद. कुणी खाली अडकलं असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढायची घाई करू नका. ओढताना तो सरकतो आणि उरलेलं माणूस चिरडतो. आधी लाकडाचे ठोकळे लावून ट्रॅक्टर जागेवर स्थिर करा, मग जॅकने थोडं थोडं उचलत ठोकळे भरत जा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, दाब सोडू नका. मोडलेला पाय सरळ करायचा प्रयत्न नको. बांबूच्या दोन पट्ट्या बांधून आहे तसाच धरून ठेवा. आपल्याकडे बांबूला तोटा नाही.

शेवटी

मागच्या वर्षी त्या पोराला भेटलो. आता किराणा दुकान चालवतो. मी आजवर त्याची माफी नीट मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. तो हसला, म्हणाला, “भाऊ, तू रेस दे म्हटलंस, पण पाय तर माझाच होता ना.” मी म्हटलं, नाही रे, साखळी सगळ्यांची होती. ती वर लावताना आठ माणसं बघत होती आणि कुणी काही बोललं नाही.

तर मंडळी, एवढंच. ओंडका मोजा. साखळी खाली लावा. वाट आधी चालून या. ‘चल’ एकाने म्हणा, ‘थांब’ सगळ्यांनी. आणि अडकलं की रेस देऊ नका, सब्बल घ्या.

तुमच्या गावात हे काम कसं करतात, आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. विशेषतः बैल-हल्यांनी ओढलेल्या जुन्या लोकांचे अनुभव हवे आहेत. ती माणसं कमी होत चालली आहेत आणि त्यांना या लाकडाचा स्वभाव माहीत आहे. आणि हा भाग तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला ऐकवा. वाचायची सवय नसेल तर वाचून दाखवा.

भेटू पुढच्या भागात. जपून राहा.